सैनिकाच्या दाखल्यावरचा शेरा



कामगारांत वावरणाऱ्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहावे आणि विषय घ्यावा तो अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दाखल्याचा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पण दाखला हा आमच्या कामातला रोजचा विषय आहे. कामगाराला काढताना मालक कागदावर जे चार शब्द लिहितो, त्या चार शब्दांवर त्या माणसाची पुढली वीस वर्षे लोंबकळत असतात. 'काम नसल्यामुळे कमी केले' असे लिहिले, तर तो दुसऱ्या कारखान्याच्या फाटकावर जाऊन उभा राहू शकतो. 'गैरवर्तनाबद्दल बडतर्फ' असे लिहिले, तर त्याला फाटकाच्या आत कोणी घेत नाही. एका बलाढ्य देशाने आपल्याच सैनिकांच्या कागदांवर असे शेरे कसे मारले आणि बसलेला शेरा बदलून घेण्याची वाट तिथल्या लोकांनी कशी काढली, ते आज सांगायचे आहे.

अमेरिकेत सैन्यातून बाहेर पडणाऱ्याला एक कागद मिळतो. त्याच्या नमुन्याचा क्रमांक डीडी-२१४. हा नमुना १९५० पासून चालू आहे. नोकरी मागायला गेले की हा कागद पुढे करावा लागतो. माजी सैनिकांच्या रुग्णालयात नाव घालायचे, घरासाठी सरकारी हमीचे कर्ज घ्यायचे, शिक्षणाचा खर्च मिळवायचा, इतकेच काय, लष्करी दफनभूमीत जागा मिळवायची, तरी हाच कागद लागतो. त्यात एक चौकोन असतो: सेवा कशा प्रकारची झाली. त्या चौकोनात जे लिहिलेले असते, तोच शेरा.

शेऱ्याच्या पाच पायऱ्या आहेत. सर्वांत वरचा 'ऑनरेबल', म्हणजे सन्मानपूर्वक. त्याखाली 'जनरल', म्हणजे सेवा एकंदरीत बरी, पण डाग आहे. यात रुग्णालय मिळते, शिक्षणाचा खर्च मात्र जातो. तिसरा 'अदर दॅन ऑनरेबल', सन्मानाखेरीज अन्य. चौथा 'बॅड कंडक्ट' आणि अगदी तळाचा 'डिसऑनरेबल'. यातले खालचे दोन लष्करी न्यायालयाच्या, म्हणजे कोर्ट-मार्शलच्या, निकालाशिवाय देता येत नाहीत. आरोप ठेवावा लागतो, पुरावा घ्यावा लागतो, वकील द्यावा लागतो. तिसऱ्याला कोर्ट-मार्शल लागत नाही. तो कचेरीतून देता येतो. न्यायालयात गुन्हा शाबीत झालेला नाही अशा माणसाला हा कागद हाती देऊन बाहेर काढता येते आणि जग त्याच्याकडे गुन्हेगार म्हणूनच पाहते. तिकडच्या सैनिकांच्या बोलीत अशा दाखल्याला नुसते 'वाईट कागद' म्हणतात. आजच्या विषयाचे मर्म या तिसऱ्या पायरीत आहे.

हा कागद हातात पडतो कसा? पुष्कळदा सैनिक स्वतःच तो मागून घेतो. हे ऐकायला विचित्र वाटते, पण आमच्या मंडळींना वाटणार नाही. सैनिकावर आरोप येतो. समजा, महिनाभर न कळवता गैरहजर राहिला. त्याला सांगतात, तुझे कोर्ट-मार्शल होईल, तुरुंगात जाशील. त्यापेक्षा या अर्जावर सही कर, खटल्याऐवजी मला मोकळे करा असे लिहून दे, चार आठवड्यांत घरी जाशील. एकोणीस-वीस वर्षांचा पोर, घरची ओढ लागलेली. तो सही करतो. त्या सहीबरोबर सुनावणीचा हक्क जातो आणि तिसऱ्या पायरीचा शेरा बहुधा पदरात पडतो. आपल्या कारखान्यांत 'राजीनामा लिहून दे, हिशेब घे, नाव खराब होणार नाही' असे सांगून ज्या सह्या घेतल्या जातात, त्यांच्यात आणि या सहीत मला तरी काडीचा फरक दिसत नाही. कागदावर दोन्ही स्वेच्छेच्याच असतात.

त्यात आणखी एक समजूत त्या पोराच्या कानावर घातली जाते, की सहा महिने गेले म्हणजे शेरा आपोआप वर चढतो. ही समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे आणि ती साफ खोटी आहे. आपोआप काहीही होत नाही. अर्ज करावा लागतो, आणि अर्ज करूनही मिळेलच असे नाही. या एका भोळ्या समजुतीपायी कितीकांनी मुदतीची वर्षे घरी बसून घालवली.

शेरा उघड असतो तेव्हा निदान माणसाला कळते की आपल्याला कुठे मारले आहे. पण एके काळी डीडी-२१४ वर काही आकडे छापलेले असत. ते सेवामुक्तीच्या कारणाचे सांकेतिक क्रमांक होते. सैनिकाला ते नुसते आकडे दिसत. कारखानदारांच्या हाती मात्र त्या आकड्यांच्या अर्थाच्या याद्या पोहोचल्या होत्या. दाखला 'ऑनरेबल' असूनही मागचा आकडा सांगे की हा माणूस वरिष्ठांना नकोसा झाला होता, किंवा याच्या मनाच्या ठेवणीत दोष आहे, किंवा याचे शरीरसंबंध अमुक प्रकारचे आहेत. माणूस मुलाखतीला जाई, कागद दाखवी, आणि 'कळवतो' एवढे ऐकून परत येई. का, ते त्याला मरेपर्यंत कळत नसे. बराच गवगवा झाल्यावर १९७४ साली लष्करी खात्याने हे आकडे दाखल्यावर छापणे थांबवले आणि जुन्यांना आकडा नसलेला नवा दाखला मागण्याची मुभा दिली. पुढे दाखल्याच्या दोन प्रती निघू लागल्या, एक संक्षिप्त आणि एक सविस्तर. कारण आणि संकेत सविस्तर प्रतीवर असतात. नोकरी देणारे कोणती प्रत मागतात, हे सांगायला नको. ब्रिटिश जहाजांवरच्या खलाशांच्या पुस्तकातही असा एक शिक्का होता. कप्तान 'फार चांगला' असे लिहिण्याऐवजी 'मत देण्यास नकार' असा शिक्का उठवी. वाईट म्हणून एक अक्षर लिहिलेले नाही, पण तो शिक्का असलेल्या खलाशाला पुढले जहाज मिळणे मुश्किल.

आता थोडे मागे जाऊ. १९०६ च्या ऑगस्टमध्ये टेक्सासमधल्या ब्राऊन्सव्हिल गावात रात्री गोळीबार झाला. एक माणूस ठार झाला, एक पोलीस अधिकारी जखमी झाला. गावाजवळ पंचविसाव्या पायदळाच्या काळ्या सैनिकांची छावणी होती. गावकऱ्यांनी बोट त्यांच्याकडे दाखवले. सैनिक रात्री छावणीतच होते, असे त्यांच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनीच आरंभी सांगितले होते. पण कोणी गोळ्या झाडल्या ते सांगा, असे विचारल्यावर कोणी नाव सांगेना. ठाऊकच नाही तर सांगणार काय? अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १६७ सैनिकांना एका हुकुमाने सन्मानाविना काढून टाकले. खटला नाही, आरोपपत्र नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. आणि तीही एकाला नव्हे, १६७ जणांना. त्यांत वीस-वीस वर्षे चाकरी केलेले, पेन्शनला टेकलेले लोक होते. पुढे चौदांना पुन्हा भरती होऊ दिले. बाकीच्यांचे कागद तसेच राहिले ते १९७२ पर्यंत. त्या वर्षी भूदलाने सर्वांची सेवामुक्ती सन्मानपूर्वक होती असे जाहीर केले. सहासष्ट वर्षे झाली होती, जवळजवळ सगळे मातीत गेले होते. डॉर्सी विलिस नावाचे एक म्हातारे गृहस्थ हयात सापडले. मिनियापोलिसच्या एका केशकर्तनालयात त्यांनी बूट पुसण्यात आणि झाडलोट करण्यात जन्म काढला होता. सरकारने त्यांना पुढे २५,००० डॉलर दिले. बैल गेला आणि झोपा केला, यापलीकडे याला काय म्हणावे?

दुसऱ्या महायुद्धात हा प्रकार घाऊक झाला. १९१६ पासून भूदलात एक दाखला चालत होता, निळ्या कागदावर छापलेला. तो सन्मानाचाही नव्हता आणि अपमानाचाही नव्हता, आणि त्याला कोर्ट-मार्शल लागत नसे. डिसेंबर १९४१ ते जून १९४५ या काळात भूदलाने असे ४८,६०३ निळे कागद दिले. त्यांतले १०,८०६ काळ्या सैनिकांच्या वाट्याला आले. सैन्यात त्यांचे प्रमाण शेकडा साडेसहा. निळ्या कागदांत शेकडा बावीसच्या वर. समलिंगी असल्याचा संशय आलेल्यांनाही हाच कागद मिळे. १९४४ च्या माजी सैनिक कायद्यात सवलतींपासून दूर ठेवले होते ते 'डिसऑनरेबल' सेवामुक्तीला. तरी सवलती देणाऱ्या खात्याने निळ्या कागदवाल्यांनाही दारातून परत पाठवले. पिट्सबर्ग कूरियर या काळ्या लोकांच्या वृत्तपत्राने १९४५ मध्ये त्यावर मोहीम उघडली. १९४६ मध्ये खुद्द संसदेच्या समितीने या पद्धतीवर ताशेरे ओढले. १९४७ साली निळा कागद बंद झाला. त्याच्या जागी 'जनरल' आणि 'अनडिझायरेबल', म्हणजे नकोसा, असे दोन शेरे आले. त्यातल्या 'नकोशा'चेच नाव १९७० नंतरच्या दशकात 'अदर दॅन ऑनरेबल' झाले.

याच युद्धातली एक हकीगत गोदी कामगारांच्या चळवळीतल्या माणसाने विसरू नये. १९४४ च्या १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उडाले. त्यात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकत्र भरल्या होत्या, हे आपल्याकडच्या पोराबाळांनाही ठाऊक आहे. त्यानंतर तीन महिन्यांनी, १७ जुलैला, कॅलिफोर्नियातल्या पोर्ट शिकागो इथे दारूगोळा भरताना तसाच स्फोट झाला. ३२० माणसे गेली. त्यांतले २०२ काळे नौसैनिक. माल चढवण्याचे काम काळ्यांचे, देखरेख गोऱ्या अधिकाऱ्यांची. दारूगोळा हाताळण्याचे रीतसर शिक्षण त्यांना दिलेले नव्हते. कोणत्या तुकडीने तासाला किती टन चढवले ते फळ्यावर लिहीत आणि अधिकारी त्यावर आपसांत पैजा लावीत. उत्पादनाच्या फळ्यासमोर ज्याने कधी काम केले आहे, त्याला हे चित्र डोळ्यांपुढे आणायला कष्ट पडणार नाहीत.

तीन आठवड्यांनी वाचलेल्यांना पुन्हा तेच काम करायला सांगितले. त्यांनी नकार दिला. इतर कोणताही हुकूम पाळू, पण काहीही न बदलता ते काम करणार नाही, असे त्यांच्यातल्या पुष्कळांचे म्हणणे होते. आपण याला असुरक्षित कामाला नकार म्हणू. आरमाराने पन्नास जणांच्या बाबतीत त्याला बंड म्हटले. पन्नासही जणांचा एकत्र खटला चालला, ऐंशी मिनिटांच्या विचारविनिमयात निकाल लागला आणि पन्नासही दोषी ठरले. आरंभीची शिक्षा पंधरा वर्षांची. आणखी २०८ जणांना छोट्या लष्करी न्यायालयापुढे उभे केले. वकील थर्गुड मार्शल यांनी या खटल्याविरुद्ध आवाज उठवला. हेच मार्शल पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले काळे न्यायमूर्ती झाले. युद्ध संपल्यावर १९४६ च्या आरंभी बहुतेकांना सोडले, पण दोषसिद्धी तशीच राहिली. १९९९ साली अध्यक्ष क्लिंटन यांनी पन्नासांतल्या एकाला माफी दिली. बाकीच्यांतल्या कित्येकांचे म्हणणे असे, की माफी गुन्हेगाराला द्यायची असते, आम्ही ती का मागावी? २०२४ च्या १७ जुलैला, बरोबर ऐंशी वर्षांनी, आरमाराच्या मंत्र्यांनी उरलेल्या २५६ जणांना निर्दोष ठरवले. कारणे कोणती दिली? सगळ्यांना एकत्र उभे केले, जरी त्यांचे हितसंबंध वेगवेगळे होते; वकिलाचा हक्क खऱ्या अर्थाने मिळाला नाही; आणि स्फोटाच्या चौकशीचा अहवाल पुरा होण्याआधीच खटले उरकले. त्या अहवालात दारूगोळा चढवण्याच्या पद्धतीत सुधारणा करण्याच्या एकोणीस सूचना होत्या. म्हणजे खलाशी जे ओरडून सांगत होते, तेच सरकारी अहवालात लिहिलेले होते.

ही झाली वरून आलेल्या न्यायाची उदाहरणे. एकेकट्या माणसाने स्वतः दाद मागायची वाट कोणती? ती दोन कायद्यांतून निघाली. १९४४ च्याच कायद्याने सेवामुक्तीचे पुनर्विलोकन करणारी मंडळे स्थापली. त्यांच्याकडे डीडी-२९३ या नमुन्यात, सेवामुक्तीपासून पंधरा वर्षांच्या आत, अर्ज करायचा. जनरल कोर्ट-मार्शलने दिलेल्या शिक्षेला ती हात लावू शकत नाहीत. दुसरा कायदा १९४६ चा. त्याआधी लष्करी नोंद सुधारायची तर एकेका सैनिकासाठी संसदेत स्वतंत्र विधेयक आणावे लागे. कल्पना करा, एका शिपायाच्या कागदातली चूक दुरुस्त करायला लोकसभेत विधेयक! संसदसदस्य कंटाळले, त्यांनी अशी विधेयके बंद केली आणि प्रत्येक दलाच्या खात्यात नागरी सदस्यांचे नोंद-दुरुस्ती मंडळ नेमायला सांगितले. त्याचा नमुना डीडी-१४९. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. पण न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटल्यास मंडळ ती माफ करू शकते. म्हणून पंधरा वर्षे उलटलेल्या म्हाताऱ्यालाही हे दुसरे दार उघडे आहे.

पुनर्विलोकन मंडळ दोन गोष्टी पाहते. नियम पाळला गेला का, ही एक. आणि नियम पाळूनही जे केले ते न्याय्य होते का, ही दुसरी. आमच्या ऐकणाऱ्यांना यात ओळखीचे काही दिसेल. औद्योगिक विवाद कायद्यात १९७१ साली ११-अ हे कलम आले, तेव्हा कामगार न्यायालयाला असेच म्हणता येऊ लागले, की चौकशी रीतसर झाली हे खरे, पण एवढ्या गुन्ह्याला एवढी मोठी शिक्षा नको. त्याआधी चौकशीची पाने क्रमवार लावलेली असली की मालक जिंकला असे धरून चालत. दुसरा प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळाला की अर्धी लढाई जमिनीवर येते, हा आमच्या चळवळीचा अनुभव आहे.

पण मंडळांच्या कामात एक मोठी अडचण होती आणि ती अजून पुरती गेलेली नाही. सरकारी काम नियमाप्रमाणेच झाले असणार, असे मंडळाने गृहीत धरायचे. नाही झाले, हे सैनिकाने सिद्ध करायचे. आणि कागद कुठे? सरकारच्या कपाटात. तेही असले तर. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसजवळच्या लष्करी अभिलेखागाराला आग लागली आणि एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख फायली जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून बाहेर पडलेल्यांपैकी शेकडा ऐंशींचे कागद त्यात गेले. त्यांच्या दुसऱ्या प्रतीही नव्हत्या.

व्हिएतनाम युद्धानंतर वाईट कागद घेऊन परतलेल्यांची संख्या लाखांत गेली. अध्यक्ष कार्टर यांनी १९७७ साली एक खास योजना काढून हजारोंचे शेरे वर चढवले. तोच, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, संसदेने कायदा केला, की या योजनेत वर चढलेल्या शेऱ्याने सवलती मिळणार नाहीत. सर्वांना लागू असलेल्या नियमांनी प्रकरण पुन्हा तपासून पास झाले तरच मिळतील. म्हणजे कागद सन्मानाचा आणि रुग्णालयाचे दार बंदच. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, कारण ती माणसाच्या मनाशी संबंधित आहे. लढाईत भयंकर पाहिलेला माणूस पुढे झोपत नाही, दचकतो, दारू पितो, अंगावर धावून जातो, कुठेतरी निघून जातो. त्या दुखण्याला वैद्यकशास्त्रात पीटीएसडी असे अधिकृत नाव १९८० साली मिळाले. त्याआधी लष्कराच्या दृष्टीने हा आजार नव्हता, बेशिस्त होती. गैरहजेरी, नशा, उलट उत्तर: तिन्ही गोष्टींची नोंद वहीत, आणि वहीवरून वाईट कागद. आता यातले दुष्ट चक्र पाहा. जखम लढाईत झाली. जखमेने वागणे बिघडले. वागण्याने कागद बिघडला. आणि कागद बिघडल्यामुळे त्याच जखमेवर उपचार करणाऱ्या रुग्णालयात त्याला घेत नाहीत. भट्टीत हात भाजलेल्या कामगाराला 'तुझे उत्पादन घटले' म्हणून काढावे आणि काढल्यामुळे त्याचे दवाखान्याचे कार्ड रद्द व्हावे, तसे हे झाले.

हे चक्र भेदले ते आधी अर्जदारांनी. येल विद्यापीठातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या सहाय्य केंद्राने व्हिएतनाममधल्या सैनिकांच्या वतीने मार्च २०१४ मध्ये खटला भरला. सप्टेंबरमध्ये संरक्षणमंत्री चक हेगेल यांनी आज्ञापत्र काढले, की पीटीएसडीचे कारण सांगणाऱ्या अर्जांचा मंडळांनी उदारपणे विचार करावा. हेगेल स्वतः व्हिएतनाममध्ये साधे सैनिक म्हणून लढून जखमी झालेले होते. ते पद आधी भूषवणाऱ्या कितीकांना हे सुचले नव्हते. २०१७ च्या दुसऱ्या आज्ञापत्राने डोक्याला झालेली इजा, इतर मानसिक आजार आणि नोकरीत झालेले लैंगिक अत्याचार हेही त्यात घेतले. त्या पत्रात मंडळांना चार प्रश्न घालून दिले आहेत. माफ करता येईल किंवा दोष सौम्य ठरेल असा काही आजार वा अनुभव होता का? तो सेवेच्या काळातला होता का? त्याने खरोखर दोष सौम्य होतो का? आणि तो सेवामुक्तीच्या कारणाहून भारी ठरतो का? सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, आजार किंवा प्रसंग घडल्याचा पुरावा म्हणून सैनिकाची स्वतःची साक्षही पुरेशी ठरू शकते, असे त्यात स्पष्ट लिहिले. अत्याचार करणारा वरिष्ठ काही लेखी पावती देत नाही, हे अखेर सरकारने मान्य केले.

आज्ञापत्र निघाले म्हणजे झाले असे नव्हे. मंडळे ती फाइलला लावून ठेवत आणि जुन्याच साच्यातले नकार पाठवत. पुन्हा खटले भरावे लागले. भूदलाविरुद्धच्या सामुदायिक दाव्यातली तडजोड न्यायालयाने २०२१ साली मान्य केली आणि आरमाराविरुद्धची २०२२ साली. त्यामुळे नाकारलेले हजारो अर्ज पुन्हा उघडावे लागले. 'सामुदायिक' हा शब्द मी मुद्दाम उच्चारतो. एकेकट्याने भांडावे अशीच ही सारी यंत्रणा रचलेली आहे, आणि तिला हलवले ते एकत्र आलेल्यांनी.

आणि हे सारे जुन्या लढायांपुरते आहे असे समजू नका. २०१६ साली माजी सैनिकांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी एक अहवाल काढला. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्यांपैकी शेकडा १.७ लोक सवलतींबाहेर होते, व्हिएतनामच्या वेळी २.८, आणि २००१ नंतरच्या सैनिकांत ६.५. म्हणजे सव्वा लाखाहून अधिक माणसे. युद्धे लहान झाली आणि दार अरुंद झाले. २०१८ च्या कायद्याने यांतल्या बऱ्याच जणांना मानसिक उपचार तरी मिळू लागले, आणि २०२४ मध्ये सवलती देणाऱ्या खात्याने आपले नियम काहीसे सैल केले.

आपल्याकडे या प्रश्नाची एक बाजू आहे. सातारा, कोल्हापूरकडच्या गावांत घरटी सैनिक आहेत. त्यांना 'लाल शाई'चा अर्थ सांगावा लागत नाही. लाल शाईच्या चार नोंदी झाल्या की जवान नकोसा, असे धरून पुष्कळांना घरी पाठवले गेले. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की चार नोंदी झाल्या एवढ्यानेच काढता येत नाही. आधी चौकशी व्हावी आणि सेवा किती झाली, कुठल्या खडतर जागी झाली, हेही पाहावे. २००७ च्या कायद्याने झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईतही आहे. आपल्या गावात असा कोणी घरी बसला असेल, तर त्याला निदान एवढे सांगा की दार ठोठावायला जागा आहे.

आता अर्जाविषयी थोडे, कारण माणसे हरतात ती बहुधा अर्जात. मंडळापुढे 'माझ्यावर अन्याय झाला' हे वाक्य सगळेच लिहितात. त्याने पान भरते, दुसरे काही होत नाही. आधी स्वतःची संपूर्ण फाइल मागवावी आणि ती हातात येईपर्यंत एक ओळही लिहू नये. मग तारखा लावाव्यात: भरती कधी, लढाईत कधी, पहिली शिक्षा कधी. लढाईच्या आधी एकही नोंद नाही आणि परतल्यावर सहा महिन्यांत पाच, एवढे एका पानावर मांडले तर ते पान बोलते. फाइल जळालेली असेल तर बरोबरच्या शिपायांची पत्रे घ्यावीत. त्या रात्री हा कुठे होता, नंतर कसा बदलला, हे त्यांनी आपल्या शब्दांत लिहावे. बायकोचे पत्र घ्यावे, डॉक्टरांचे मत घ्यावे. पुढल्या आयुष्यात केलेल्या सरळ कामाचे दाखले जोडावेत. मंडळे ते पाहतात. पुनर्विलोकन मंडळासमोर जातीने उभे राहण्याचा हक्क आहे, तो सोडू नये. अर्ज केल्याने असलेला शेरा आणखी खाली जात नाही, तेव्हा त्या भीतीने थांबू नये.

आणि एक गोष्ट सर्वांत शेवटी, जी पुष्कळ जण विसरतात. डीडी-२१४ वर शेऱ्याचा चौकोन एक आहे, पण त्याच्या आसपास आणखी तीन आहेत: सेवामुक्तीचे कारण, त्याचा संकेत, आणि पुन्हा भरती होता येईल की नाही याचा संकेत. अर्जात फक्त शेरा बदलून मागितला, तर मंडळ फक्त शेरा बदलते. मग 'ऑनरेबल' लिहिलेल्या नव्याकोऱ्या दाखल्यावर खाली कारण म्हणून 'गैरवर्तन' तसेच राहते, आणि नोकरी देणारा आधी तेच वाचतो. म्हणून मागणीच्या रकान्यात चारही चौकोनांची नावे वेगवेगळी घालावीत आणि प्रत्येकापुढे काय हवे ते लिहावे.